‘झोपू दे, सकाळी उतरेल’

पहिल्या वर्षाला आलेल्या मुलामुलींना दारूबद्दल एक तास स्वच्छ, सरळ माहिती द्यावी, असं कॉलेजच्या कुठल्याही बैठकीत सुचवून पाहा. उत्तरं ठरलेली असतात. ‘म्हणजे आता प्यायचं कसं, हेही आपणच शिकवायचं?’ ‘कायद्याने पंचविशीच्या आत दारू पिताच येत नाही, मग हा विषय येतोच कुठे?’ ‘आपल्या कॉलेजात असलं काही चालत नाही.’ असं बोलणारी माणसं माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातली आहेत, मुलांवर माया करणारी आहेत. तरीही मला त्यांना ठणकावून सांगायचं आहे की ही उत्तरं चुकीची आहेत, आणि ती पोरांच्या जिवावर बेततात.

आधी माझी बाजू उघड करतो, म्हणजे गैरसमजाला जागा राहणार नाही. मी दारूच्या बाजूचा नाही. आरोग्याला काहीच धोका नाही असं दारूचं कुठलंही प्रमाण नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं आणि ते मला पूर्ण मान्य आहे. रोज थोडी रेड वाइन हृदयाला बरी, ही समजूत सुशिक्षित घरांनी आता सोडून द्यावी. अनिल आणि सुनंदा अवचटांनी पुण्यात १९८६ साली मुक्तांगण सुरू केलं. दारू घराचं काय करते हे तेव्हापासून मराठी वाचकाला कुणी नव्याने सांगायची गरज उरलेली नाही. गडचिरोलीत लोकांनी, त्यातही गावोगावच्या बायकांनी लढून १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी आणली, त्या लढ्यापुढे मी मान झुकवतो. आणि दारू विकणाऱ्या कंपन्या ‘जबाबदारीने प्या’ म्हणतात तेव्हा मला संताप येतो, कारण त्या एका वाक्यात सगळा भार विकणाऱ्याच्या खांद्यावरून एकोणीस वर्षांच्या पोराच्या खांद्यावर जातो.

पण वीस वर्षांनी यकृताचं काय होईल हा आज माझा प्रश्न नाही. माझा प्रश्न आज रात्रीचा आहे. फ्रेशर्स पार्टी, सबमिशन संपल्याची रात्र, थर्टी फर्स्ट, गटारी, गोव्याची पहिली ट्रिप. त्या रात्री पिणारा आणि न पिणारा असे दोघेही एकाच खोलीत असतात, आणि त्यांच्यापैकी एकालाही धोका कुठे सुरू होतो हे कुणी सांगितलेलं नसतं.

‘आपल्याकडे चालत नाही’ या वाक्यावर फार वेळ घालवत नाही. सोमवारी सकाळी वसतिगृहाच्या मागचा कचरा उचलणाऱ्या मावशींना विचारावं. चपट्या आणि बिअरचे कॅन त्या वेगळे काढून ठेवतात, भंगारात त्याचे पैसे येतात. मात्र इथे एक गोष्ट उलट्या बाजूनेही सांगायला हवी. ‘सगळेच पितात’ हेही तितकंच खोटं आहे. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के लोक दारू घेतात असं आढळलं. म्हणजे शंभरातले पंचाऐंशी घेत नाहीत. वसतिगृहात नव्याने आलेल्या मुलाला मात्र नेमका उलटा आकडा खरा वाटतो, कारण पिणाऱ्यांचा आवाज मोठा असतो आणि न पिणारे गप्प आपापल्या खोलीत असतात. आपण हा विषय काढलाच नाही, तर त्याला हे खरं चित्र दाखवणार कोण?

आता कायदा. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. बिअर-वाइनसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ हे किमान वय आहे, आणि प्यायला परवाना लागतो. परमिट रूमच्या पाटीखाली रोज संध्याकाळी बसणाऱ्या माणसांपैकी किती जणांच्या खिशात तो परवाना असतो, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येकाला माहीत आहे. तरी वय कमी करा अशी माझी मागणी नाही. अमेरिकेत १९८४ च्या कायद्यानंतर सगळ्या राज्यांनी किमान वय २१ वर नेलं आणि रस्त्यावर मरणाऱ्या तरुणांची संख्या घटली. वयाची अट उपयोगाची असते, ती पाळली जावी. पण ती अट मुख्यतः दुकानदारासाठी आहे. विकू नको, देऊ नको, पिऊ नको, एवढंच ती सांगते. रात्री दोन वाजता मित्र हाक मारल्यावर डोळे उघडत नाही तेव्हा काय करायचं, याचं उत्तर त्या कायद्यात नाही आणि असायचं कारणही नाही. विहिरीला कठडा बांधला म्हणून गावात कुणी पोरांना पोहायला शिकवायचं थांबवत नाही.

आणि हा कठडा किती पक्का आहे, हे १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला दिसलं. सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातल्या पोर्शे गाडीने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. त्याआधी तो शहरातल्या दोन ठिकाणी मित्रांबरोबर दारू पीत बसला होता, असं पोलीस तपासात पुढे आलं. पंचविशीची अट त्या रात्रीही होती. नंतर तीनशे शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर त्याला जामीन मिळाल्यावरून राज्य पेटलं, रक्ताचे नमुने बदलल्याचं उघड झालं, पब सील झाले, काहींच्या अतिक्रमणांवर बुलडोझर चालला. तो राग रास्तच होता. पण त्या जून महिन्यात कॉलेजं उघडली तेव्हा किती कॉलेजांनी नव्या मुलांना बसवून सांगितलं की गाडी चालवणारा प्यायलेला असेल तर मागच्या सीटवर बसलेल्या मित्राने नेमकं काय करायचं? माझ्या ओळखीतल्या एकाही कॉलेजने सांगितलं नाही.

उरला तो खरा आक्षेप, ज्याच्या जोरावर बाकीचे दोन उभे आहेत. माहिती देणं म्हणजे मुभा देणं. हा आक्षेप महाराष्ट्राला नवा नाही. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, तेव्हा त्यांच्यावर हाच आरोप झाला: हे ज्ञान दिलंत की समाज स्वैर होईल. विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी त्यांना सोडावी लागली, त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर खटले झाले. २००७ साली शाळांमधल्या किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम महाराष्ट्राने थांबवला, तोही याच भीतीने. प्रत्येक वेळी असं धरून चाललं गेलं की तरुणाला मोह होतो तो माहितीमुळे. अहो, मोह त्याच्याजवळ आधीच असतो. सीनिअर, सिनेमे, रील्स आणि घरातला काकाही तो रोज पुरवत असतात. पुरवला जात नाही तो फक्त धोक्याचा हिशेब.

तो हिशेब किती साधा आहे, ते इथेच मांडून दाखवतो. रात्री टेबलावर येणारी स्ट्राँग बिअरची बाटली घ्या. लेबलवर बारीक अक्षरात ६५० मिली आणि ‘८ टक्क्यांपर्यंत’ असं लिहिलेलं असतं. सहाशे पन्नासाचे आठ टक्के म्हणजे ५२ मिली शुद्ध अल्कोहोल. वजनात ते साधारण ४१ ग्रॅम भरतं. आता व्हिस्की किंवा रम घ्या. लेबलवर ४२.८ टक्के असतं, तीस मिलीच्या लहान पेगमध्ये दहा ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल येतं. म्हणजे ‘मी फक्त बिअर घेतो’ असं आईला खरं वाटेल अशा सुरात सांगणारा मुलगा एका बाटलीत चार पेग पीत असतो. दोन बाटल्यांत आठ. क्वार्टर म्हणजे १८० मिली, सहा पेग. ती दोघांत वाटली असं म्हणणाऱ्याने तीन घेतले. शेवटचा आकडा सगळ्यांत महत्त्वाचा: यकृत तासाला ढोबळमानाने एक लहान पेग एवढंच अल्कोहोल निकामी करू शकतं. लिंबू, ताक, कॉफी, थंड पाण्याची बादली, यातल्या कशानेही तो वेग वाढत नाही. कॉफीने झोप उडेल; माणूस जागा होईल पण तितकाच प्यायलेला राहील. रात्री एक वाजेपर्यंत दोन स्ट्राँग बिअर पिऊन झालेला मुलगा सकाळी सातला लोणावळ्याहून बाइक काढतो तेव्हा त्याला वाटतं की झोप झाली, उतरली. बऱ्याचदा ती उतरलेली नसते.

मोटार वाहन कायद्याने रक्ताच्या शंभर मिलीमागे तीस मिलिग्रॅम अल्कोहोलची मर्यादा घातली आहे. साठ किलोच्या मुलाने वरची एक बाटली तासाभरात संपवली, तर ढोबळ हिशेबाने तो या मर्यादेच्या दुपटीच्याही वर जातो. पन्नास किलोच्या मुलीचं शरीर तीच मर्यादा एका लहान पेगनेही ओलांडू शकतं, कारण बायकांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं आणि तेवढ्याच दारूने रक्तातलं प्रमाण जास्त चढतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. दंड मुलांना ठाऊक असतो, नाकाबंदी कुठे असते तेही ठाऊक असतं. एका बिअरमध्ये ते मर्यादेच्या किती पलीकडे जातात, हे त्यांना कुणी फळ्यावर मांडून दाखवलेलं नसतं. एवढा हिशेब फळ्यावर मांडला तर कुणाला प्यायची इच्छा होईल, हे मला समजावून सांगा. माझा अनुभव असा की हे गणित पहिल्यांदा ऐकणारी मुलं गप्प होतात.

या गणिताहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे बेशुद्धी. शेवटचा घोट घेतला म्हणून दारूचं चढणं थांबत नाही. पोटात आणि आतड्यात जे आहे ते पुढेही रक्तात उतरत राहतं. म्हणजे बारा वाजता बडबडत पलंगावर पडलेला मुलगा एक वाजता आणखी जास्त नशेत असतो, आणि खोलीतले बाकीचे समजतात की आता उतार सुरू झाला. त्यात भर उलटीची. घशात काही अडकलं की ठसका लागून ते बाहेर फेकलं जातं, ही शरीराची उपजत सोय जास्त दारूने बधिर होते. उताणा झोपलेला माणूस उलटी करतो आणि ती फुप्फुसात जाते. कधी उलटी होतही नाही, मेंदूतलं श्वासाचं केंद्रच मंदावत जातं. अंग गार पडतं, रक्तातली साखर घसरते. सकाळी दार वाजवणाऱ्याला वाटतं, अजून झोपलाय.

‘झोपू दे, सकाळी उतरेल.’ वसतिगृहातलं हे सगळ्यांत मायेचं आणि सगळ्यांत घातक वाक्य आहे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी कॉलेजच्या आवारातल्या क्वार्टर्समध्ये राहत असताना एका रात्री वॉचमनने दार ठोठावलं, कारण रेक्टर गावाला गेले होते आणि गाडी माझ्याकडे होती. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत पहिल्या वर्षाचा मुलगा कॉटवर उताणा पडलेला. केस आणि शर्ट ओले, कारण त्याच्यावर बादली ओतली होती. वर पंखा पूर्ण वेगात. टेबलावर कापलेली लिंबं आणि मेसमधून मागून आणलेली वाटीभर साखर. एक मुलगा मोबाइलवर दारू लवकर उतरवायचे उपाय शोधत होता. दुसरा कपातली कॉफी त्याच्या ओठांना लावत होता; सगळी गालावरून उशीवर ओघळत होती. मी त्याच्या छातीकडे पाहिलं. एक श्वास, मग खूप वेळ काही नाही, मग पुन्हा एक. हात बर्फासारखे. खोलीतले सहाही जण घाबरलेले होते, सहाही जणांचं त्याच्यावर प्रेम होतं, आणि त्यांनी जे जे केलं ते सगळं त्याला मारायच्या दिशेने नेणारं होतं. ओल्या अंगावर पंख्याचा वारा, उताण्या माणसाच्या तोंडात पातळ पदार्थ. त्यातल्या दोघांनी शेवटी वॉचमनला उठवलं. त्याआधी बराच वेळ वाद चालला होता तो एवढ्यावरच, की कॉलेजला कळवायचं की नाही.

आम्ही त्याला कुशीवर वळवलं, कोरड्या चादरीत गुंडाळलं आणि दवाखान्यात नेलं. मुलगा वाचला. पुढच्या आठवड्यात चौकशी समिती बसली. शिस्तभंग झालाच होता, कुणाला तरी शिक्षा होणं भाग होतं. समितीसमोर नावं होती ती दोनच, वॉचमनला उठवणाऱ्या त्या दोघांची, कारण तेच माझ्याबरोबर दवाखान्यात आले होते आणि रजिस्टरवर सह्या त्यांच्याच होत्या. मी लेखी विरोध नोंदवला. दोघांनाही वसतिगृह सोडावं लागलं. दारू आणणारे आणि पाजणारे सीनिअर त्या यादीत नव्हते. ते केव्हाच आपल्या खोलीत जाऊन झोपले होते. त्या शिक्षेतून वसतिगृहातली मुलं काय शिकली असतील? दारू पिऊ नये, हे? ती एवढंच शिकली की कुणी पडलं तर आपण उठायचं नाही.

जगात इतरत्र शिक्षेच्या याच भीतीने काय केलं आहे, ते नोंदलेलं आहे. अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठात २०१७ च्या फेब्रुवारीत दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी फ्रॅटर्निटीच्या, म्हणजे एकत्र राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मंडळाच्या, घरात दीक्षाविधीत भराभर दारू पाजल्यानंतर जिन्यावरून पडला. घरात कितीतरी मुलं होती. रुग्णवाहिकेला फोन झाला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, सुमारे बारा तासांनी. तो वाचला नाही. दारू आणि रॅगिंग एकत्र आलं की काय होतं, ते आपल्याकडेही दिसलं: २००९ च्या मार्चमध्ये हिमाचलमधल्या टांडा इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाचा विद्यार्थी प्यायलेल्या सीनिअर्सच्या मारहाणीत गेला, आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे रॅगिंगविरोधी नियम आले. ज्युनिअरला जबरदस्तीने पाजणं हे रॅगिंगच आहे, महाराष्ट्रात तर १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. ‘अरे, एक घे की, एवढा काय घाबरतोस’ या वाक्यापाशीही मुलाला कायद्याचा आधार आहे, हे त्या तासात सांगितलं गेलंच पाहिजे. १८००-१८०-५५२२ हा हेल्पलाइन नंबर प्रत्येक कॉलेजात भिंतीवर असतो. या प्रसंगासाठीही तो आहे, हे मुलांना माहीत नसतं.

मग उपाय काय, तर तोही कुठेतरी करून पाहिलेला आहे. कॉर्नेल विद्यापीठाने २००२ साली नियम केला की दारूने बेशुद्ध झालेल्या मित्रासाठी मदत मागणाऱ्यावर, आणि ज्याच्यासाठी मागितली त्याच्यावरही, विद्यापीठ शिस्तभंगाची कारवाई करणार नाही. समुपदेशन मात्र घ्यावं लागेल. पुढच्या दोन वर्षांत मदतीचे फोन वाढले. पिण्याचं प्रमाण वाढल्याचं दिसलं नाही. ‘शिक्षेची भीती गेली की पोरं मोकाट सुटतील’ म्हणणाऱ्यांनी हा अनुभव नजरेआड करू नये.

कुणी म्हणेल, ते अमेरिकेत झालं, आपला समाज वेगळा. पण हे तत्त्व आपल्याच कायद्याने कधीच स्वीकारलेलं आहे. अपघातातल्या जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला पोलिसांच्या चौकशीची भीती वाटते, म्हणून लोक गाडी थांबवत नाहीत, हे ओळखून २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४-अ कलम आलं आणि मदत करणाऱ्याला संरक्षण मिळालं. आत्महत्येचा प्रयत्न करणारा गुन्हेगार नसून तणावाखालचा माणूस आहे असं धरून चालावं, हे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ११५ व्या कलमाने सांगितलं. दोन्हीकडे संसदेने एकच गोष्ट ओळखली: शिक्षेची भीती मदतीच्या आड येत असेल तर आधी ती भीती बाजूला करायची. जे देशाच्या संसदेला पटलं, ते कॉलेजच्या शिस्तपालन समितीला पटायला हरकत काय आहे?

मुलींचा प्रश्न याहून अवघड आहे, आणि संस्काराची भाषा बोलणारे तो सगळ्यांत जास्त अवघड करून ठेवतात. मुलगा प्यायला तर ‘वय आहे’, मुलगी प्यायली तर तिचं चारित्र्य. त्यामुळे ती आणखी लपून पिते, अनोळखी फ्लॅटवर पिते, पडली तर मैत्रिणींना रेक्टर मॅडमपेक्षा घरच्यांची जास्त धास्ती असते. तिच्या ग्लासात कुणी काही मिसळलं तर तक्रार करायची सोय नसते, कारण पहिला प्रश्न ‘तू तिथे गेलीसच का?’ हाच येतो. भारतीय न्याय संहितेचं ६३ वं कलम, आणि त्याआधीचं ३७५, स्वच्छ सांगतं की नशेमुळे जिला काय चाललंय याचा अर्थ कळत नाही तिची संमती ही संमतीच नव्हे. हे मुलींना सांगायला हवं, आणि मुलांना त्याहून आधी. तोही त्याच एका तासाचा भाग आहे. सोबत आलेल्या मैत्रिणीला सोबत घेऊनच परतायचं, ही गोष्ट संस्कारांच्या आड येते असं मला कुणी पटवून दाखवावं.

एक आक्षेप मात्र मी मनापासून मान्य करतो, कारण तो अभ्यास केलेल्या लोकांचा आहे. नुसत्या व्याख्यानांनी पिणं कमी होत नाही. सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक कित्येक वर्षं सांगत आहेत की पिणं कमी होतं ते किंमत वाढवल्याने, दुकानं आणि वेळा कमी केल्याने, जाहिरात थांबवल्याने, रस्त्यावर खरोखर तपासणी केल्याने. पोस्टर आणि भाषणांचा परिणाम फार तोकडा असतो. खरं आहे. म्हणूनच ‘दारू सोडा’ असं पोस्टर लावून व्यसनमुक्ती सप्ताह साजरा करणाऱ्या कॉलेजांना मी विचारतो, त्या सप्ताहाने नेमकं काय साधलं? माझ्या तासाचा हेतू वेगळा आहे. पिणं कमी करायचं काम सरकारने कर आणि परवान्यांतून करावं. ते होत नाही याबद्दल आपण सगळ्यांनी ओरडावं. पण त्या रात्रीपुरतं मरण टाळणं ही माहितीची गोष्ट आहे. माणसाला कुशीवर कसं वळवायचं, हे पाच मिनिटांत हाताने करून दाखवता येतं, आणि एकदा केलेलं हात विसरत नाहीत.

ते असं. वरचा गुडघा दुमडून पुढे टेकवायचा, म्हणजे तो पालथा पडत नाही आणि उताणाही होत नाही. एक हात गालाखाली, तोंड थोडं जमिनीकडे, म्हणजे आलेली उलटी बाहेर वाहून जाते. मग त्याला एकटं सोडायचं नाही, कुणीतरी एक जण शेजारी जागा. जोरात हाक मारून, चिमटा काढूनही जागा होत नसेल, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास असतील, दोन श्वासांत दहा सेकंदांचं किंवा त्याहून जास्त अंतर पडत असेल, ओठ-नखं निळसर झाली असतील किंवा अंग गार पडलं असेल, तर रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन. यातलं एकही लक्षण पुरे, बाकीची यायची वाट पाहायची नाही. पडल्यावर डोक्याला मार लागला असेल तरीही १०८, कारण नशा आणि मेंदूतला रक्तस्राव बाहेरून सारखेच दिसतात. आणि दवाखान्यात किती घेतली, सोबत कुठली गोळी घेतली, हे खरं सांगायचं. झोपेच्या, चिंतेच्या, फिटच्या गोळ्या, सुस्ती आणणारी सर्दीची औषधं, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध यांतली बरीचशी दारूबरोबर गुंगी आणि श्वासाची मंदी वाढवतात.

याउप्पर कुणी म्हणत असेल की हे सांगणं म्हणजे दारू पाजणं, तर त्यांनी वरच्या परिच्छेदातलं एक वाक्य काढून दाखवावं, जे वाचून एखाद्याने ग्लास उचलला असता.

पालकांनाही दोन शब्द. ‘आमचा असला नाही’ हे तुम्ही म्हणता तेव्हा ते बहुधा खरंच असतं. पण तुमचा न पिणारा मुलगाच त्या खोलीत एकटा शुद्धीवर असणार आहे. सहा जणांतला तो एक. फोन करायचा की नाही, हे त्याला ठरवायचं आहे. त्याला ‘असल्या मुलांत राहू नकोस’ एवढंच सांगून पाठवलं असेल, तर फोन केल्यावर पहिला प्रश्न त्यालाच येईल की तू तिथे काय करत होतास, आणि हे त्याला माहीत असतं. रात्री कितीही वाजता फोन कर, घ्यायला येईन, प्रश्न दुसऱ्या दिवशी विचारीन. असं एका तरी माणसाने त्याला सांगून ठेवलेलं असावं. आई-बाबांना जमत नसेल तर मामाने, मावशीने, थोरल्या चुलतभावाने सांगावं.

कॉलेजांसाठी माझी मागणी छोटी आहे. एआयसीटीईने इंजिनिअरिंग कॉलेजांना नव्या विद्यार्थ्यांसाठी इंडक्शन प्रोग्राम घालून दिलेला आहे. त्यात योगापासून परिसराची ओळख करून देण्यापर्यंत सगळ्याला जागा आहे. त्यातला एक तास यासाठी द्यावा, आणि तो शिस्तपालन समितीच्या अध्यक्षांनी न घेता दवाखान्यातल्या कॅज्युअल्टीत काम करणाऱ्या डॉक्टर किंवा नर्सने घ्यावा. अल्कोहोलने बेशुद्ध झालेल्या, जखमी किंवा अत्याचार झालेल्या विद्यार्थ्यासाठी जो मदत बोलावेल, त्याच्यावर आणि त्या विद्यार्थ्यावर प्यायल्याबद्दल शिस्तभंगाची कारवाई होणार नाही, असा नियम लेखी करून वसतिगृहाच्या प्रत्येक मजल्यावर लावावा. जबरदस्तीने पाजणाऱ्याला, मारहाण करणाऱ्याला आणि पिऊन गाडी चालवणाऱ्याला ही सूट नाही, हेही त्याच कागदावर असावं. रॅगिंगविरोधी हमीपत्र प्रत्येक विद्यार्थी आणि पालक दर वर्षी भरून देतातच. त्याच्यासोबत हा एक कागद पुढच्या प्रवेशांपासून द्यायचा की नाही, एवढंच प्राचार्यांना ठरवायचं आहे, आणि ते ठरवायला नवा कायदा लागत नाही, विद्यापीठाची परवानगी लागत नाही, पैसेही लागत नाहीत.